वाहनांच्या रंगलेपाची दुरुस्ती

वाहनाच्या पृष्ठभागावरील रंगलेपास ओरखडे, टवके, पोचे, ऊन वा गंज यांमुळे झालेली हानी भरून काढून तो लेप पूर्वीसारखा अखंड, एकरंगी व टिकाऊ करण्याच्या क्रियेस वाहनांच्या रंगलेपाची दुरुस्ती असे म्हणतात. रंगलेप ही केवळ शोभेची बाब नाही. पोलादी पत्र्यावरील लेपाचा टवका उडाला म्हणजे उघड्या पडलेल्या पत्र्याचा हवा व ओलावा यांच्याशी संपर्क येतो आणि गंज लेपाखालून दूरवर पसरत जातो. प्लॅस्टिकचा बंपर गंजत नाही. परंतु लेप गेल्यावर सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे तो हळूहळू ठिसूळ व फिकट होतो. वाहनाच्या सर्व भागांत बंपरला सर्वांत आधी व सर्वांत अधिक वेळा धक्का बसतो. त्यामुळे आज रंगकाम करणाऱ्या कारागिराकडे येणाऱ्या कामात त्याचा वाटा मोठा असतो.

या व्यवसायाच्या इतिहासात एक सूत्र सातत्याने आढळते. रंगातील बंधकद्रव्य ज्या ज्या वेळी बदलले, त्या त्या वेळी दुरुस्ती कोठे व्हावी व ती कोणी करावी हेही बदलले. बुलढाणा जिल्ह्यात मोटारगाड्या तयार करणारा कारखाना नाही. तेथील वाहनांचे रंगकाम हे प्रामुख्याने दुरुस्तीचे काम आहे. म्हणून बाहेर झालेल्या या बदलांचे परिणाम अशा जिल्ह्यात अधिक स्पष्टपणे दिसतात.

तेलरंगांचा काळ : आरंभीच्या मोटारगाड्या घोडागाड्यांप्रमाणेच रंगवीत असत. या रंगांचे बंधकद्रव्य जवसाचे तेल हे असून त्यात सफेता व शिशाची इतर रंगद्रव्ये खलून घालीत. जवसाचे तेल केवळ बाष्पीभवनाने वाळत नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घेते, त्याचे रेणू परस्परांशी जोडले जातात व चिवट पापुद्रा तयार होतो. ही क्रिया मंद असते. एकेक थर देऊन तो वाळू द्यावयाचा, पमीस दगडाच्या पुडीने घासून सपाट करावयाचा व मग पुढचा थर द्यावयाचा, असे करीत शेवटी रोगणाचे हात दिले जात. एका गाडीचे काम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. अशा लेपाची दुरुस्तीही तितकीच वेळखाऊ असे.

विदर्भ हा जवस पिकविणारा जुना प्रदेश असल्याने या तेलाचे गुण तेथील लोकांना परिचयाचे होते. बैलगाडीच्या लाकडास तेल पाजून ते उन्हापावसापासून राखणे, पोळ्याच्या सुमारास बैलांची शिंगे हिंगुळाने रंगविणे यांसारख्या रीतींमागे वाहन व जनावर यांची वर्षातून एकदा निगा राखण्याची कल्पना होती. ही निगा घरच्या घरी होत असे.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात ‘मॉडेल टी’ गाड्यांना १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळा रंग दिला जाई. डांबरजन्य द्रव्यापासून बनविलेला हा लेप भट्टीत तापवून घट्ट करीत. त्यामुळे निर्मितीचा वेग वाढला. तथापि जो लेप भट्टीत तयार होतो, तो भट्टीवाचून तसाच्या तसा पुन्हा करता येत नाही. कारखान्यातील रंग व गावातील दुरुस्ती यांमध्ये पडलेले हे पहिले अंतर होय.

सेल्युलोज लॅकर : हे अंतर कमी करणारा पदार्थ कापसापासून मिळाला. कापसावर नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांची क्रिया केली असता स्फोटक नायट्रोसेल्युलोज तयार होते, हे १८४६ मध्ये क्रिस्टीआन शनबाइन यांनी दाखविले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी ते प्रचंड प्रमाणावर तयार करण्यात आले. युद्ध संपल्यावर त्याचे इतर उपयोग शोधण्यास चालना मिळाली. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने भरपूर रंगद्रव्य सामावू शकेल व तरीही फवारता येईल असे पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकर तयार करून ‘ड्यूको’ या नावाने बाजारात आणले. १९२४ सालासाठीच्या ओकलंड गाड्यांना हा लेप देण्यात आला. रंगकामास लागणारा आठवड्यांचा काळ त्यामुळे काही तासांवर आला.

नायट्रोसेल्युलोजसाठी मुख्यतः सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव वापरीत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली, खामगाव ही कापसाची महत्त्वाची बाजारपेठ म्हणून वाढली व १८७० मध्ये जलंब–खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला. खामगावचा कापूस सूत व कापड यांसाठी जात असे. तरीही जवस व कापूस ही या प्रदेशातील दोन परिचित पिके मोटारीच्या रंगांच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या मुळाशी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुरुस्तीच्या दृष्टीने लॅकरचा महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. ते केवळ विद्रावक उडून गेल्याने वाळते व थिनर लागताच पुन्हा विरघळते. त्यामुळे नव्या थरातील थिनर जुन्या थराची कड किंचित विरघळवितो व दोन्ही थर एकजीव होतात. भट्टी, बंदिस्त खोली वा दीर्घ प्रतीक्षा यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. फवारणी चुकली तर थिनरच्या फडक्याने पुसून पुन्हा आरंभ करता येऊ लागला. हवा दाबण्याचा पंप, एक फवारा व कुशल हात एवढ्या भांडवलावर रस्त्याकडेला हे काम करणे शक्य झाले. भारतात ‘ड्यूको’ हे व्यापारी नाव कोणत्याही फवारलेल्या चकचकीत रंगासाठी सर्रास वापरले जाऊ लागले, यावरून त्याच्या प्रसाराची कल्पना येते.

याच सुमारास तीन साधने प्रचारात आली. अमेरिकेतील टोलीडो येथील डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी साधन तयार केले होते. त्याच तत्त्वावर त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ मध्ये रंगाचा फवारा बनविला. १९२१ मध्ये पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश कागद निघाला. त्यामुळे घासताना उडणारी शिशाची धूळ कमी झाली. दोन रंगांची सीमा रेखीव ठेवण्यासाठी लावावयाची चिकटपट्टी रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मोटारी रंगविणाऱ्यांची अडचण पाहून तयार केली. ही तिन्ही साधने थोड्याफार सुधारणांसह आजही कारागिराच्या हाती आहेत.

एनॅमल व हमरस्ता : १९३० च्या सुमारास अल्किड रेझिनांवर आधारलेली एनॅमले प्रचारात आली. ती लॅकरपेक्षा सावकाश वाळतात. परंतु थोड्या थरांत जाड व चकचकीत लेप देतात आणि ब्रशनेही लावता येतात. मालमोटारींसाठी ती विशेष सोयीची ठरली. सुरत, धुळे व नागपूर यांना जोडणारा, पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ व २०१० च्या फेरक्रमांकनानंतर क्र. ५३ म्हणून ओळखला जाणारा हमरस्ता या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा व खामगाव या गावांवरून जातो. अशा रस्त्यांवरील मालमोटारींच्या हौद्यांचे रंगकाम, क्रमांकांचे व अक्षरांचे लेखन, पोचे काढणे व गंजलेले भाग बदलणे ही कामे लोहारकाम, सुतारकाम व पाटीलेखन जाणणाऱ्या कारागिरांच्या आवाक्यात होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर बुलढाणा जिल्हाही तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांसाठी पुढे दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा व जिल्ह्याजिल्ह्यांतील विभागीय कार्यशाळा अशी रचना रूढ झाली. शेकडो गाड्या ठराविक रंगात व ठराविक काळाने रंगविण्याची ही संघटित पद्धती आणि रस्त्याकडेच्या कारागिराची गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार चालणारी पद्धती या दोन्ही राज्यात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

बंपरचे स्थित्यंतर : बंपर मुळात धक्का झेलण्यासाठी बसविलेली पोलादी पट्टी होती. ॲम्बॅसडर व प्रीमिअर पद्मिनी या भारतात दीर्घकाळ चाललेल्या गाड्यांना क्रोमियमचा मुलामा दिलेले पोलादी बंपर असत. असा बंपर वाकला तर ठोकून सरळ करीत. मुलामा गेला तर विद्युत् विलेपनाची सोय असलेल्या शहरात तो पाठवावा लागे; अन्यथा रुपेरी रंगावर भागविले जाई. त्यावर पडलेला ओरखडा हा वापराचाच भाग मानीत.

१९७२ मध्ये फ्रान्समधील ‘रेनॉल्ट ५’ या गाडीस प्लॅस्टिकचे बंपर बसविण्यात आले. १९७३ च्या गाड्यांपासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमानुसार ताशी सु. ८ किमी. वेगाने समोरून धडक बसली, तरी दिवे व इंधनव्यवस्था यांसारख्या सुरक्षेच्या भागांस इजा होऊ नये अशी अट घालण्यात आली. या दोन घटनांनंतर बंपरची रचना झपाट्याने बदलली. धक्का शोषणारा भाग आत गेला व त्यावर पॉलिप्रोपिलिनचे लवचिक आवरण आले. आरंभीची अशी आवरणे बहुधा काळी वा करडी व न रंगविलेली असत. पुढे गाडीच्याच रंगाचा बंपर ही प्रतिष्ठेची खूण ठरली आणि भारतातही साध्या गाड्यांपर्यंत ती पोहोचली. अशा रीतीने जो भाग आघात सोसण्यासाठी निर्माण झाला होता, त्याचेच दर्शनी आवरण गाडीतील नाजूक अंगांपैकी एक बनले.

वेगाचाही येथे संबंध येतो. समोरून येणाऱ्या खडीच्या कणाची आघातऊर्जा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ६० किमी.वरून १२० किमी.वर गेल्यास ती चौपट होते. मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून जाणारा ७०१ किमी. लांबीचा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी या टप्प्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी व संपूर्णपणे ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. अशा रस्त्यांवरील वेगामुळे बंपर व बॉनेट यांच्या दर्शनी बाजूस बारीक टवके पडण्याचा संभव वाढतो.

आधुनिक लेप व दुरुस्तीची पद्धती : कारखान्यात मोटारीच्या पत्र्यावर साधारणतः चार थर असतात : विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक थर, भरणथर, रंगाचा पायाथर व त्यावरील पारदर्शक थर. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १४० मायक्रोमीटर, म्हणजे सु. एक दशांश मिमी. एवढीच असते. पत्र्यावरील वरचे लेप १३०° ते १५०° से. तापमानास भाजतात. प्लॅस्टिकचा बंपर ही उष्णता सोसू शकत नसल्याने तो वेगळा व कमी तापमानास रंगवितात. त्यामुळे नव्या गाडीतही बंपर व शेजारचा पत्रा यांच्या छटेत किंचित फरक दिसू शकतो. दुरुस्तीसाठी जो रंग वापरतात, त्यात रेझीन व कठिणक हे दोन घटक ऐन वेळी मिसळतात. अशा पॉलियुरेथेन लेपांचा पाया ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत घातला.

बंपरच्या दुरुस्तीत प्रथम साबणपाण्याने व नंतर मेण आणि तेल काढणाऱ्या विद्रावकाने पृष्ठभाग स्वच्छ करतात. हा क्रम उलटल्यास वा टाळल्यास पॉलिश कागदाबरोबर तेलकटपणा ओरखड्यात दाबला जातो व तेथे पुढे रंग धरत नाही. ओरखडा केवळ पारदर्शक थरात असल्यास बारीक कागदाने घासून व रबिंग करून तो नाहीसा करता येतो. नखाला लागेल इतका तो खोल असल्यास कडा उताराने घासून प्लॅस्टिकसाठीची लवचिक लांबी भरतात. पत्र्यासाठीची नेहमीची लांबी येथे चालत नाही. बंपर वाकताच ती तडकते. उघड्या पॉलिप्रोपिलिनवर रंग सहसा चिकटत नाही. म्हणून तेथे प्रथम चिकटपणा आणणारा खास प्रायमर फवारतात. त्यानंतर भरणथर, पायाथर व पारदर्शक थर देतात.

सर्वांत कठीण भाग रंग मिळविण्याचा आहे. धातुवर्णी रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पत्रे असतात. थर ओला पडला तर ते खोल जातात व रंग गडद दिसतो. कोरडा पडला तर ते पृष्ठभागाजवळ राहतात व रंग उजळ दिसतो. म्हणजे एकाच डब्यातील रंग दोन हातांनी फवारला असता दोन छटा दिसू शकतात. शिवाय उन्हाने गाडीचा मूळ रंगही बदललेला असतो. म्हणून निष्णात कारागीर पायाथर एकाच जागी न संपविता शेजारच्या भागात विरत नेतो व पारदर्शक थर मात्र पूर्ण भागावर देतो.

हवामान व पाणी यांचा प्रभाव : बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर तुलनेने थंड आहे, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा उष्णतेत रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच अर्धवट वाळतात व लेप खरखरीत येतो. म्हणून सावकाश उडणारे थिनर वापरणे व सकाळच्या वेळी काम करणे श्रेयस्कर असते. पावसाळ्यात याउलट अडचण येते. लॅकरमधील विद्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते व लेपावर पांढुरकी झाक येते.

पाण्याचा प्रश्न कमी दिसणारा, पण अधिक खोल आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला व अमरावतीप्रमाणे बुलढाणा जिल्ह्याचाही काही भाग, उदा., शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील गावे, मोडतो. तेथील भूजल खारट आहे. घासकामासाठी असे पाणी वापरून ते पृष्ठभागावरच वाळू दिले, तर क्षारांचे सूक्ष्म कण लेपाखाली अडकतात. पुढे पावसाळ्यात ओलावा रंगलेपातून आत झिरपतो. क्षार त्याला तर्षणाने ओढून घेतात व लेपास फोड येतात. फोड कित्येक महिन्यांनंतर येत असल्याने दोष रंगाला वा कारागिराला दिला जातो. शेवटची धुलाई क्षारविरहित पाण्याने करून पृष्ठभाग पूर्णपणे कोरडा केल्यास हा दोष टाळता येतो. कारखान्यात हीच धुलाई शुद्ध केलेल्या पाण्याने करतात.

आरोग्य : रंगांच्या प्रत्येक पिढीने कारागिराच्या शरीरावर वेगळा भार टाकला आहे. तेलरंगांच्या काळात शिसे हा मुख्य धोका होता. पिवळ्या व तांबड्या रंगांतील शिशाचे क्रोमेट शिसे व षट्संयुजी क्रोमियम या दोन्हींमुळे घातक असते. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांश ९० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले व ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. मात्र ते नियम वाहनांच्या रंगांसाठी नाहीत. जुन्या मालमोटारीवरील थर कोरडे घासताना उडणारी धूळ त्यामुळे आजही तितकीच काळजीची आहे.

पॉलियुरेथेन रंगांतील कठिणकात आयसोसायनेटे असतात. त्यांचा फवारा श्वासावाटे गेल्याने दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प प्रमाणानेही तीव्र झटका येतो व कारागिरास व्यवसाय सोडावा लागतो. आयसोसायनेटांचा वास घातक पातळीखाली सहसा जाणवत नाही. तोंडावर बांधलेला रुमाल वा कापडी मुखपट्टी त्यांना अडवू शकत नाही. यासाठी स्वतंत्र नळीने स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा व हवा खेचून घेणारी बंदिस्त खोली लागते. यूरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून अशा द्रव्यांच्या व्यावसायिक वापरापूर्वी प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. लॅकरच्या काळात उघड्यावर काम करण्याची जी सवय लागली, तीच सवय या रंगांच्या बाबतीत जिवावर बेतणारी ठरू शकते. शेजारी काम करणारे शिकाऊ व ये-जा करणारे लोकही त्या फवाऱ्याच्या टप्प्यात येतात.

अर्थकारण व कायदा : २००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकाने प्लॅस्टिक व रबर यांच्या भागांवर ५० टक्के घसारा ठरविला आणि रंगकामातील साहित्याच्या खर्चासही तोच दर लावला. त्यामुळे घसाऱ्याची सूट नसलेल्या विम्यात बंपरच्या नुकसानीचा मोठा भाग मालकालाच सोसावा लागतो व लहान दुरुस्तीसाठी तो जवळच्या कारागिराकडे वळतो. रंग वाचविण्यासाठी बंपरपुढे लोखंडी संरक्षक दांडे बसविण्याची पद्धती बरीच पसरली होती. असे दांडे पादचाऱ्यांस घातक ठरतात व आघात शोषण्याच्या रचनेत अडथळा आणतात, म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने त्यांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. वाहनाचा रंग नोंदणीपुस्तिकेत नमूद असतो. त्याच रंगात केलेल्या दुरुस्तीस नोंद लागत नाही. मात्र रंगच बदलावयाचा असल्यास तशी नोंद करून घ्यावी लागते.

अलीकडच्या काही गाड्यांत बंपरच्या आवरणामागे रडार बसविलेले असते. त्यापुढील भागात लांबीचा जाड थर वा धातुकणांचे अधिक थर दिल्यास रडारच्या संकेतांत बाधा येऊ शकते. डोळ्यांना निर्दोष वाटणारी दुरुस्तीही अशा वेळी सदोष ठरते.

या सर्व बदलांचा रोख दुरुस्ती गावाकडून मोठ्या शहरातील यंत्रसज्ज केंद्रांकडे नेण्याचा आहे. भट्टी, शुद्ध पाणी, हवेचा मुखवटा व संगणकाने रंग मिळविण्याची सोय यांचा खर्च लहान कारागिराला एकट्याने पेलणे कठीण जाते. दुसऱ्या बाजूस, दुरुस्त होऊ शकणारा बंपर टाकून नवा बसविल्याने पैसा व पदार्थ या दोन्हींचा अपव्यय होतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या देशव्यापी अभ्यासक्रमात मोटारींच्या रंगकामाचा स्वतंत्र एक वर्षाचा विषय समाविष्ट आहे. हाताचे कौशल्य लॅकरच्या काळापासून चालत आले आहे. त्यास रसायनांची माहिती, स्वच्छ पाणी व श्वासाचे संरक्षण यांची जोड मिळाली, तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा व्यवसाय कारागिराच्या आरोग्यास धक्का न लावता टिकून राहू शकेल.